पडण्याआधीचा तास

११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी १० वाजून २३ मिनिटांनी टिपलेलं एक छायाचित्र आहे. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या उत्तर मनोऱ्याची दक्षिणेकडची बाजू त्यात दिसते. धुरातून आणि ज्वाळांतून दिसणाऱ्या कॉलमांच्या उभ्या रेषा निरखून पाहिल्या तर त्या सरळ नाहीत. आगीच्या मजल्यांवर त्या आतल्या बाजूला ओढल्या गेल्या आहेत. पुढे तपास पथकाने मोजमाप केलं तेव्हा हा बाक जिथे सर्वांत जास्त होता तिथे ५५ इंच, म्हणजे जवळजवळ १ मीटर ४० सेंटिमीटर भरला. त्यानंतर पाच मिनिटांनी, १० वाजून २८ मिनिटांनी मनोरा कोसळला.

पोलादी गगनचुंबी इमारती का कोसळतात यावर गेली दोन दशकं जो वाद चालला आहे, त्यात लोक बहुतेक वेळा शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांची चित्रफीत पुनःपुन्हा पाहतात. सरळ खाली कशी आली? इतकी धूळ कुठून आली? इतक्या वेगाने कशी पडली? प्रश्न स्वाभाविक आहेत. पण एकदा हजारो टन वजन सुटून खाली येऊ लागलं की पुढचं सगळं इतकं दांडगं आणि गोंधळाचं असतं की त्यातून मूळ कारण शोधणं अवघड होऊन बसतं. माझ्या मते कोणत्याही स्पष्टीकरणाची खरी परीक्षा त्या आधीच्या तासात आहे. इमारत उभी असताना तिच्यात जे हळूहळू घडत होतं ते या स्पष्टीकरणात बसतं का, हे आधी विचारायला हवं.

वर्ल्ड ट्रेड सेंटरचे उत्तर आणि दक्षिण असे दोन मनोरे १९७० च्या सुमारास उभे राहिले. वास्तुरचना मिनोरू यामासाकी यांची, तर लेस्ली रॉबर्टसन हे संरचनेच्या मुख्य अभियंत्यांपैकी एक. प्रत्येकी ११० मजले आणि प्रत्येक बाजू सुमारे ६३ मीटर लांब. बाहेरच्या प्रत्येक भिंतीत ५९ कॉलम, एकमेकांपासून जेमतेम मीटरभर अंतरावर. मधोमध लिफ्ट आणि जिने असलेल्या गाभ्यात आणखी ४७ कॉलम. गाभा आणि बाहेरची भिंत यांच्यामधली जागा मोकळी, कारण भाडेकरूंना खांबांविना कार्यालयं हवी होती. ही मोकळी जागा पेलायला पोलादी कैच्या होत्या, लांबी कुठे सुमारे ११ मीटर तर कुठे १८ मीटर. त्यांच्यावर पत्रा आणि पत्र्यावर हलक्या काँक्रीटचा चार इंची स्लॅब. या कैच्या केवळ माणसांचं आणि टेबल-खुर्च्यांचं वजन पेलत नव्हत्या. बाहेरच्या उंच, सडपातळ कॉलमांना प्रत्येक मजल्यावर आडवा आधार देणं हेही त्यांचंच काम होतं. पुढचा बराचसा वाद या दुसऱ्या कामाभोवती फिरतो.

त्या सकाळी दोन्ही मनोऱ्यांवर विमानं आदळली तेव्हा ते लगेच पडले नाहीत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. उत्तर मनोऱ्यावर ८ वाजून ४६ मिनिटांनी ९३ ते ९९ या मजल्यांवर घाव बसला. बाहेरचे ३५ कॉलम तुटले आणि गाभ्यातले सहा. दक्षिण मनोऱ्यावर ९ वाजून ३ मिनिटांनी ७७ ते ८५ या मजल्यांवर घाव बसला, तिथे बाहेरचे ३३ आणि गाभ्यातले १० कॉलम गेले. तरी वजन शेजारच्या कॉलमांवर सरकलं, माथ्यावरच्या पोलादी सांगाड्याने भार इकडून तिकडे वाटून दिला आणि इमारती उभ्या राहिल्या. इतक्या मोठ्या आघातानंतरही त्या उभ्या राहिल्या म्हणून खालच्या मजल्यांवरचे हजारो लोक बाहेर पडू शकले. संरचनेच्या अभियंत्यांना यासाठी जितकं श्रेय मिळायला हवं तितकं ते मिळालेलं नाही.

मग दक्षिण मनोरा ५६ मिनिटांनी आणि उत्तर मनोरा १०२ मिनिटांनी का पडला?

पहिलं स्पष्टीकरण त्याच आठवड्यात सर्वत्र ऐकू आलं: पोलाद वितळलं. हे चूक आहे आणि या चुकीनेच नंतरच्या बऱ्याच संशयाला खाद्य पुरवलं. पोलाद वितळायला साधारण १५०० अंश सेल्सिअस लागतात. विमानातलं इंधन, प्रत्येकी सुमारे ३८ हजार लिटर, बहुतेक पहिल्या काही मिनिटांतच जळून गेलं. नंतर जळत होतं ते कार्यालयातलं सामान: कागद, गालिचे, फर्निचर, संगणक. अशा आगीत हवेचं तापमान १००० अंशांच्या आसपास जाऊ शकतं, पण पोलाद त्याने वितळत नाही. मात्र ६०० अंशांच्या सुमारास त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते आणि ते लवू लागतं. त्याशिवाय तापलेलं पोलाद लांबीने वाढतं. १८ मीटरची कैची ६०० अंशांनी तापली तर ती १३ ते १५ सेंटिमीटरनी लांबते. दोन्ही टोकं जखडलेल्या तुळईला वाढायला जागाच नसते, म्हणून ती खाली झोळ धरते. वितळण्याचा मुद्दा बाजूला ठेवला की खरा प्रश्न समोर येतो: ताकद कमी होणं, लांबी वाढणं आणि झोळ पडणं, यांपैकी कशाने आधी घात केला?

अभियंत्यांच्या पहिल्या मोठ्या मतप्रवाहाला 'पॅनकेक' उपपत्ती म्हणतात. कैच्यांना कॉलमांशी जोडणारे छोटे कोनी तुकडे आणि बोल्ट आगीत कमकुवत झाले, एक स्लॅब सुटून खालच्या स्लॅबवर पडला, दोन्ही मिळून तिसऱ्यावर, आणि आडवा आधार गेल्यामुळे कॉलम मोडले, असं ते मत. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतल्या थॉमस ईगर यांनी २००१ च्या अखेरीस ते मांडलं. २००२ साली फेमा या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या अहवालानेही जोडण्या तुटण्याच्या शक्यतेला बरंच महत्त्व दिलं. दूरचित्रवाणीवरच्या माहितीपटांनी तर हेच अंतिम सत्य म्हणून दाखवलं.

पण पॅनकेक उपपत्तीसमोर ते १०:२३ चं छायाचित्र उभं राहतं. जोडण्या तुटून स्लॅब सुटले असते तर बाहेरच्या कॉलमांना आत कोण ओढणार? सुटलेली कैची ओढू शकत नाही. भिंत आत ओढली जाते आहे याचा अर्थ कैच्या अजून घट्ट जोडलेल्या आहेत आणि झोळ धरून दोन्ही टोकांना आपल्याकडे खेचताहेत. वाळत घालायच्या दोरीवर भिजलेली गोधडी टाकली की दोन्हीकडचे बांबू आत झुकतात, तसंच हे. शिवाय २००४ मध्ये मनोऱ्यांसारखेच स्लॅब आणि कैच्या भट्टीत घालून, पूर्ण वजन ठेवून तापवले गेले. ते लवले, पण जवळपास दोन तास कोसळले नाहीत.

निस्ट, म्हणजे अमेरिकेची राष्ट्रीय मानकं व तंत्रज्ञान संस्था, हिने २००५ साली आपला दुहेरी मनोऱ्यांचा अहवाल दिला. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले श्याम सुंदर हे त्या तपासाचे प्रमुख होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विमानाच्या आघाताने कॉलम तर तोडलेच, पण त्याहून घातक म्हणजे पोलादावर फवारलेला अग्निरोधक लेप झटकून काढला. उघड्या पडलेल्या कैच्या तापल्या, लवल्या, त्यांनी बाहेरच्या कॉलमांना आत ओढलं. गाभ्यातले कॉलमही उष्णतेने दबत गेले आणि भार बाहेर सरकत गेला. शेवटी आत ओढली गेलेली एक संपूर्ण बाजू मोडली आणि वरचा भाग तिकडे कलला. लेप शाबूत असता तर मनोरे बहुधा उभे राहिले असते, असा निस्टचा निष्कर्ष.

एडिनबरो विद्यापीठातल्या आसिफ उस्मानी आणि होसे टोरेरो यांचा गट मात्र २००३ पासून वेगळंच सांगत होता. त्यांच्या संगणकीय प्रतिकृतींमध्ये विमानाचा घाव जवळजवळ काढून टाकला तरी, एकाच वेळी तीन मजल्यांवर आग असेल तर केवळ उष्णतेने वाढलेल्या आणि लवलेल्या मजल्यांमुळे बाहेरची भिंत मोडू शकत होती. एका मजल्याची आग असेल तर वरचे-खालचे थंड मजले तिला सांभाळून घेतात, तीन मजले एकदम तापले की तो आधार राहत नाही. म्हणजे दोष लेप उडाल्याचा कमी आणि या रचनेचा जास्त. हे मान्य केलं तर विमान न आदळताही अशा इमारती धोक्यात आहेत, हेही मान्य करावं लागतं.

मेरीलँड विद्यापीठातले अग्निशास्त्राचे प्राध्यापक जेम्स क्विंटिएर यांनी तिसरं टोक पकडलं. उत्तर मनोऱ्याच्या आग लागलेल्या बहुतेक मजल्यांवर कैच्यांवरचा लेप वाढवून दीड इंचाचा केलेला होता. दक्षिण मनोऱ्यात मात्र त्या मजल्यांपैकी जवळजवळ सर्वांवर तो जुना, पाऊण इंचाचाच होता. लेप उडाला नाही असं धरलं तरी केवळ या जाडीच्या फरकावरून दोन्ही मनोऱ्यांची वेळ जवळपास जुळते, असं त्यांचं गणित सांगत होतं. निस्टचं यावर उत्तर असं की दक्षिण मनोऱ्यावर घाव खालच्या मजल्यांवर, म्हणजे वर जास्त वजन असताना बसला, तो मध्यापासून बाजूला होता आणि गाभ्याचं नुकसान जास्त होतं. मला दोन्ही बाजू पूर्णपणे निकालात निघालेल्या वाटत नाहीत. मात्र एक गोष्ट या तिघांतही समान आहे: लवणारे मजले आणि आत ओढली जाणारी भिंत. मतभेद आहे तो कोणाला किती दोष द्यायचा यावर, आणि हा मतभेद नवीन इमारत बांधणाऱ्यासाठी फार मोलाचा आहे.

आता पुढची पायरी. वरचा भाग एकदा सुटला तर खालचे नव्वद मजले त्याला अडवू का शकले नाहीत? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले झ्डेनेक बाझंट यांनी घटनेनंतर दोनच दिवसांत यावरचा लेख छापायला पाठवला होता. हिशेब सरळ आहे. एका मजल्याची उंची सुमारे ३.७ मीटर. तेवढ्या अंतरावरून पडलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला साडेआठ मीटरच्या आसपास जातो. वरच्या डझनावारी मजल्यांच्या वजनाला एवढा वेग आला की त्याची ऊर्जा खालचे कॉलम वाकताना शोषू शकतील त्याच्या कितीतरी पट होते. स्थिर वजन पेलणं आणि पडतं वजन झेलणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निस्टने मात्र आपला तपशीलवार अभ्यास कोसळण्याच्या सुरुवातीपाशी थांबवला आणि पुढचं काही परिच्छेदांत उरकलं. ही पोकळी ठेवायला नको होती. लोकांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेच अहवालात सर्वांत कमी होतं, आणि त्या रिकाम्या जागेत दुसरी स्पष्टीकरणं येऊन बसली.

त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सुरुंगाचं. अमेरिकेतले काही वास्तुविशारद, अभियंते आणि भौतिकशास्त्रज्ञ आजही म्हणतात की मनोरे आधी पेरलेल्या स्फोटकांनी पाडले. हे सरसकट हसण्यावारी नेणं योग्य नाही. त्यांनी उपस्थित केलेले काही प्रश्न खरे आहेत. पण त्यांच्या मुख्य म्हणण्याला पुन्हा तोच तास आडवा येतो. सुरुंगाने पाडलेली इमारत आधी अर्धा-पाऊण तास हळूहळू वाकत नाही. दक्षिण मनोऱ्याची पूर्व बाजू आघातानंतर वीसेक मिनिटांतच आत आलेली दिसत होती. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून उत्तर मनोऱ्याच्या माथ्याबद्दलचे इशारे कोसळण्याच्या वीसेक मिनिटं आधीपासून येत होते. ते इशारे आत जिने चढणाऱ्या अनेक अग्निशामकांपर्यंत पोहोचलेच नाहीत, आणि त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण मेले. इमारत आपण पडणार हे सांगत होती, ऐकायची सोय नव्हती.

सुरुंगाच्या बाजूला सर्वांत जास्त बळ मिळतं ते वर्ल्ड ट्रेड सेंटरच्याच सात क्रमांकाच्या इमारतीमुळे. ४७ मजले, तिच्यावर विमान आदळलं नाही. उत्तर मनोऱ्याचा ढिगारा तिच्यावर पडला, आगी लागल्या, पाण्याच्या मुख्य वाहिन्या फुटल्यामुळे खालच्या मजल्यांवरच्या स्प्रिंकलरना पाणी नव्हतं. सात तासांच्या आसपास ती जळली आणि संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी पडली. फेमाने २००२ मध्ये जनरेटरच्या डिझेलवर संशय घेतला, पण आपल्या उत्तम तर्काचीही शक्यता कमीच आहे असं प्रांजळपणे लिहिलं. निस्टने २००८ मध्ये डिझेल बाजूला सारलं आणि साध्या कार्यालयीन आगीकडे बोट दाखवलं. पूर्वेकडच्या सुमारे १६ मीटर लांबीच्या तुळया तापून वाढल्या. ४०० अंशांपेक्षाही कमी तापमानात त्यांनी १३व्या मजल्यावरच्या एका गर्डरला ढकलत त्याच्या बैठकीवरून खाली लोटलं. तो मजला पडला, त्याने खालचे काही मजले घेतले, आणि ७९ क्रमांकाचा कॉलम अनेक मजल्यांच्या उंचीत आडव्या आधाराविना उरला. तो मोडला. तेव्हा गच्चीवरची पूर्वेकडची यंत्रखोली खाली गेली, आणि त्यानंतर सुमारे सात सेकंदांनी बाहेरचं अख्खं कवच खाली येऊ लागलं.

या स्पष्टीकरणाला धक्के बसले आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मसुद्यात निस्टने इमारत मुक्त पतनाने पडली नाही असं म्हटलं होतं. एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाने चित्रफितीवरून मोजमाप करून आक्षेप घेतला, तेव्हा अंतिम अहवालात सुमारे सव्वादोन सेकंद, म्हणजे आठ मजल्यांच्या उंचीइतकं मुक्त पतन झाल्याचं मान्य केलं गेलं. गर्डरच्या बैठकीची रुंदी आधी ११ इंच धरली होती, २०१२ मध्ये ती १२ इंच अशी दुरुस्त झाली. २०२० मध्ये अलास्का विद्यापीठातल्या लेरॉय हल्सी यांच्या गटाने आग हे कारण असूच शकत नाही, सगळे कॉलम जवळजवळ एकदम निकामी झाले, असा निष्कर्ष काढला. त्या अभ्यासाला पैसे सुरुंगाची बाजू मांडणाऱ्या संघटनेचे होते, पण म्हणून गणित आपोआप चूक ठरत नाही. मला तो निष्कर्ष पटत नाही तो वेगळ्या कारणाने. यंत्रखोली सात सेकंद आधी का बुडाली, आणि दुपारी अग्निशामकांनी इमारतीच्या एका कोपऱ्याला फुगवटा दिसला म्हणून सर्वेक्षणाचं ट्रांझिट यंत्र लावून ती सरकते आहे का हे का पाहिलं, या दोन्ही गोष्टी त्यात नीट बसत नाहीत. आतून कोसळत गेलेल्या इमारतीचं बाहेरचं कवच शेवटी जवळपास एकटंच उरलेलं असेल तर थोडा वेळ त्याने काहीच प्रतिकार न करणं शक्य आहे. निस्टने आपल्या प्रतिकृतीची मूळ आकडेवारी सार्वजनिक सुरक्षेचं कारण देऊन दिली नाही. हे मला चुकीचं वाटतं. ज्या गणितावर जगभरच्या इमारतींचे नियम बदलायचे ते दुसऱ्यांना तपासता आलं पाहिजे.

पुराव्यांचीही हेळसांड झाली. ढिगाऱ्यातलं पोलाद तपासाआधीच भंगारात निघालं, त्यातला मोठा हिस्सा भारत आणि चीनकडे जहाजांनी आला. निस्टच्या हाती उरले ते २३६ तुकडे. सात क्रमांकाच्या इमारतीतून आलेल्या आणि फेमाने तपासलेल्या एका तुकड्यात गंधकामुळे पोलाद झिजून त्यात भोकं पडलेली आढळली, कारण गंधक मिसळलं की लोखंडाचं मिश्रण सुमारे १००० अंशांनाही पातळ होऊ शकतं. हे ढिगाऱ्यात आठवडे धुमसताना घडलं की आधी, याचा निकाल लागला नाही. जास्त तुकडे राखले असते तर लागला असता.

"आगीने पोलादी उंच इमारत कधीच पडलेली नाही" हे वाक्य २०१७ पर्यंत सर्रास ऐकू येई. त्या वर्षी १९ जानेवारीला तेहरानमधली १९६२ ची प्लास्को इमारत कपड्यांच्या कारखान्यांतल्या आगीने काही तासांत बसली आणि १६ अग्निशामक गेले. त्याआधी २००५ मध्ये माद्रिदच्या विंडसर मनोऱ्यात वरच्या मजल्यांवरचे लेप नसलेले बाहेरचे पोलादी कॉलम कोसळले, काँक्रीटचा गाभा मात्र उभा राहिला. उलट बाजूला फिलाडेल्फियाची वन मेरिडियन प्लाझा आहे. १९९१ च्या फेब्रुवारीत ही ३८ मजली इमारत १९ तास जळली, तुळया लवल्या, कोसळण्याच्या भीतीने अग्निशामकांना बाहेर बोलावलं गेलं, तरी ती पडली नाही. ३०व्या मजल्यावर स्प्रिंकलर होते आणि आग तिथेच थांबली. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या कार्डिंग्टन इथे एअरशिपसाठीच्या जुन्या शेडमध्ये आठ मजली पोलादी इमारत मुद्दाम बांधून जाळली तेव्हाही लेप नसलेल्या तुळया भरपूर लवल्या, पण स्लॅब पडद्यासारखा ताणला गेला आणि त्याने भार पेलला. त्या इमारतीचे कॉलम झाकलेले होते आणि तुळयांचे गाळे लहान होते. हा फरक महत्त्वाचा आहे. लांब गाळे, मोजक्या जोडण्या आणि एकाच कॉलमवर अवलंबून असलेला मोठा मजला, हे तिन्ही एकत्र आले की पोलादी इमारत आगीपुढे हळवी होते.

मुंबईतले आपले बहुतेक टॉवर आरसीसीचे आहेत, त्यांचे प्रश्न वेगळे. पण अमेरिकेत या वादाने कागदावरचे नियम बदलले. २००९ च्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत ४२० फुटांहून उंच इमारतींना एक जास्तीचा जिना आला. अग्निरोधक लेप पोलादाला किती घट्ट चिकटला पाहिजे याची अट पूर्वी चौरस फुटाला १५० पौंड होती. ७५ ते ४२० फुटांच्या इमारतींसाठी ती ४३० पौंड झाली आणि त्याहून उंच इमारतींसाठी १००० पौंड. नवी सात क्रमांकाची इमारत २००६ मध्ये काँक्रीटच्या गाभ्यासह उभी राहिली. एडिनबरोच्या गटाचा मुद्दा मात्र अजून पूर्ण रुजलेला नाही. आजही बहुतेक ठिकाणी भट्टीत एकेक तुळई किंवा कॉलम वेगळा तापवून त्याला दोन तास, तीन तास असं प्रमाणपत्र मिळतं. तीन मजले एकदम तापल्यावर त्या सगळ्या तुळया मिळून शेजारच्या कॉलमाला काय करतील, हे त्या भट्टीत दिसत नाही.